वाहनचालक परवाना, अंकीय

मोटार वाहन चालविण्याची कायदेशीर अनुमती दर्शविणारा आणि कागदी पुस्तिकेऐवजी अथवा प्लॅस्टिकच्या कार्डाऐवजी संगणकीय नोंदीच्या रूपाने असणारा परवाना. तो स्मार्टफोनच्या पडद्यावर दाखविता येतो. बोलण्यात त्यास ‘डिजिटल लायसन’ किंवा नुसतेच ‘मोबाइलमधले लायसन’ असे म्हणतात. काटेकोरपणे पाहिल्यास असा परवाना मोबाइलमध्ये नसतो. तो शासनाच्या मध्यवर्ती नोंदवहीत असतो व मोबाइल ही त्या नोंदवहीकडे उघडणारी एक खिडकी असते. यामुळे त्याच्या वापरातून खाजगीपणाविषयीचे दोन भिन्न प्रश्न उद्‌भवतात. पहिला प्रश्न चालकाच्या हातातील मोबाइलचा आहे. परवाना दाखविण्यासाठी जी वस्तू पुढे करावी लागते तिच्यात परवान्याखेरीज त्या व्यक्तीचे बरेचसे खाजगी जीवन साठविलेले असते. दुसरा प्रश्न पडद्यामागील नोंदवहीचा आहे. ती कोणास पाहता येते, तिच्यात कोणती भर पडते व तिचा उपयोग कोणत्या कामांसाठी होतो, हे परवानाधारकास सहसा ठाऊक नसते. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही प्रश्नांचा विचार मुख्यतः ठाणे व कल्याण–डोंबिवली या परिसराच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी : मोटार वाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या व पुढे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. हा शेवटचा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या ३ ऱ्या कलमानुसार परवान्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही आणि १३० व्या कलमानुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाला परवाना तपासणीसाठी हजर करावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १३९ व्या नियमात, कागदपत्रे जवळ नसल्यास त्यांचे साक्षांकित उतारे १५ दिवसांच्या आत सादर करण्याची किंवा नोंदणीकृत टपालाने पाठविण्याची सवलत होती. परवाना ही त्या काळी खऱ्या अर्थाने कागदाची वस्तू होती. ती घरी विसरे, पावसात भिजे, पोलिसाकडे जमा होई व दंड भरल्यावर परत मिळे.

पुढे प्रादेशिक परिवहन कार्यालयांतील नोंदी संगणकावर नेण्यात आल्या. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने परवान्यांसाठी ‘सारथी’ व वाहनांच्या नोंदणीसाठी ‘वाहन’ या प्रणाली विकसित केल्या. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिलॉकर’ ही नागरिकांची कागदपत्रे अंकीय रूपात उपलब्ध करून देणारी सेवा सुरू झाली. तिच्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन, या सेवेमार्फत दिलेले दस्तऐवज मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचे मानले जातील असे ठरले. परिवहन खात्याचे ‘एमपरिवहन’ हे ॲपही याच सुमारास प्रचारात आले. तरीही रस्त्यावरील तपासणीत मोबाइलमधील परवाना नाकारला जात असल्याच्या तक्रारी होत्या. म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना सूचनापत्र पाठविले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये १३९ व्या नियमात कागदपत्रे ‘भौतिक किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ हजर करता येतील अशी दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. जी कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक साधनाने वैध असल्याचे आढळते ती प्रत्यक्ष स्वरूपात मागता येत नाहीत.

रचना व कार्य : डिजिलॉकरमध्ये मोबाइल क्रमांक व आधार यांच्या साह्याने खाते उघडतात. धारकाने परवान्याचा क्रमांक दिल्यावर सारथीमधील नोंदीशी त्याचा मेळ घातला जातो व अंकीय स्वाक्षरी असलेला दस्तऐवज खात्यात येतो. त्यावर क्यूआर संकेत असतो. तपासणी करणारा अधिकारी आपल्याजवळील उपकरणाने तो वाचून परवाना खरा आहे की नाही व तो निलंबित झालेला आहे काय, हे पाहू शकतो. परवाना देणाऱ्या खात्याकडून अशा रीतीने आलेला दस्तऐवज आणि धारकाने स्वतः छायाचित्र काढून चढविलेली प्रत यांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यास कायद्याने मूळ प्रतीचा दर्जा आहे; दुसरीस तो नाही. मोबाइलच्या चित्रसंग्रहात ठेवलेला परवान्याचा फोटो किंवा स्क्रीनशॉट हा त्यामुळे अंकीय परवाना ठरत नाही.

परवान्याच्या क्रमांकातही काही माहिती गुंफलेली असते. राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन अंक, परवाना दिल्याचे वर्ष व सात अंकी अनुक्रम अशी त्याची रचना असते. ठाणे कार्यालयाचा संकेत एमएच ०४ व कल्याण कार्यालयाचा एमएच ०५ आहे. त्यामुळे क्रमांक पाहताच परवाना कोणत्या कार्यालयाने कोणत्या साली दिला हे कळते. परवान्यावर धारकाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख, पत्ता, रक्तगट, छायाचित्र, स्वाक्षरी, वाहनांचे प्रकार व मुदत या बाबी असतात. यांपैकी प्रत्येक बाबीला तिचे प्रयोजन आहे, उदा., अपघातप्रसंगी रक्तगट उपयोगी पडावा असा हेतू आहे. तथापि परवाना उघडला की या सर्व बाबी एकदम दिसतात. वाहन चालविण्याची पात्रता पाहावयाची असेल तर घरचा पत्ता पाहण्याचे कारण नसते व वय पाहावयाचे असेल तर वडिलांच्या नावाची गरज नसते. परवाना हा ओळखपत्र म्हणूनही सर्रास वापरला जात असल्यामुळे हा दोष वाढतो. गृहसंकुलाच्या फाटकावर, लॉजमध्ये, सिमकार्डाच्या दुकानात त्याची प्रत मागितली जाते. वाहन चालविण्याशी संबंध नसलेल्या अनेक हातांत अशा रीतीने धारकाचा पत्ता व जन्मतारीख जाते. एकट्या राहणाऱ्या किंवा रात्री कामावरून परतणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने घरचा पत्ता अनोळखी व्यक्तीच्या मोबाइलमध्ये जाणे ही क्षुल्लक बाब नाही.

ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसर : ठाणे पोलीस आयुक्तालयाची स्थापना १९८१ मध्ये झाली. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे त्याच्या क्षेत्रात मोडतात. परवाने व वाहननोंदणी यांचे काम मात्र ठाणे व कल्याण या दोन परिवहन कार्यालयांत विभागलेले आहे. एका कार्यालयाचा परवाना असलेला चालक दुसऱ्याच्या हद्दीत रोज ये-जा करतो. तीन हात नाका, कापूरबावडी, दुर्गाडी, शिळफाटा यांसारखी वर्दळीची ठिकाणे तपासणीची नेहमीची स्थळे आहेत. कागदी परवान्याच्या काळात एका शहरात जमा झालेला परवाना सोडवून आणण्यासाठी चालकाचा दिवस मोडे. मध्यवर्ती नोंदवहीमुळे ही यातायात कमी झाली, हे अंकीय परवान्याच्या बाजूने प्रथम नमूद केले पाहिजे.

या परिसरात परवाना वारंवार दाखवावा लागणारा वर्ग मुख्यतः रिक्षाचालकांचा व मालवाहू वाहनांच्या चालकांचा आहे. खाजगी मोटारीच्या मालकास परवाना क्वचित दाखवावा लागतो. रिक्षाचालकाकडे मात्र परवान्याबरोबर बॅज, परमिट, योग्यता प्रमाणपत्र, विमा व प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्र यांचीही मागणी होते. त्याचा मोबाइल हे त्याच्या व्यवसायाचेही साधन असते. भाड्याचे पैसे त्यावरच जमा होतात, प्रवाशांची मागणी त्यावरच येते आणि घरी तोच एक स्मार्टफोन असल्यास मुलांच्या शाळेचे निरोपही त्यावरच येतात. म्हणजे ज्याची तपासणी सर्वांत जास्त वेळा होते, त्यालाच मोबाइल काही मिनिटे दुसऱ्याच्या हाती गेल्याने सर्वांत जास्त झळ पोहोचते. खाजगीपणा ही सुखवस्तू वर्गाची गरज आहे, असे जे मानले जाते त्यास येथे उत्तर मिळते.

उपनगरी रेल्वेचाही या प्रश्नाशी संबंध आहे. ठाणे ते कल्याण या टप्प्यात लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगत उभे राहून फटका मारावयाचा व खाली पडलेला मोबाइल पळवावयाचा, हा चोरीचा प्रकार प्रवाशांच्या परिचयाचा आहे. मोबाइल गेल्याने परवाना जात नाही, कारण तो नोंदवहीत असतो. परंतु ज्या सिमकार्डावर एकवेळचा संकेतांक म्हणजे ओटीपी येतो तेच चोराच्या हाती पडल्यास त्या व्यक्तीच्या इतर दस्तऐवजांचे दारही उघडू शकते. मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या शासकीय सेवेद्वारे हरवलेला मोबाइल निकामी करण्याची सोय आहे. सिमकार्ड बंद करणे मात्र त्याहून तातडीचे असते.

दाखविणे व ताब्यात देणे : कागदी परवाना पोलिसाच्या हाती देणे ही निरुपद्रवी कृती होती. त्या कागदावर जेवढे छापलेले असे तेवढेच पाहणाऱ्यास दिसे. मोबाइल हाती देताना मात्र परवान्याबरोबर पत्रव्यवहार, कौटुंबिक छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, रुग्णालयाचे अहवाल व गेल्या कित्येक दिवसांतील हालचालींच्या नोंदी अशा सर्व गोष्टी हाती जातात. कोणी मुद्दाम काही उघडले नाही तरी नेमक्या त्याच वेळी आलेला संदेश पडद्यावर झळकतोच. बाह्यतः कृती तीच दिसते, पण तिचा आशय पूर्ण बदललेला असतो.

कायद्यातील शब्द या बाबतीत विचारात घेण्यासारखे आहेत. १३० व्या कलमात परवाना तपासणीसाठी ‘हजर करणे’ अपेक्षित आहे. तो जप्त करण्याचा अधिकार २०६ व्या कलमात स्वतंत्रपणे दिलेला असून त्याची कारणेही तेथे सांगितली आहेत, उदा., परवाना खोटा असल्याचा संशय किंवा चालक पळून जाण्याची शक्यता. २०१८ च्या सूचनापत्राने असे स्पष्ट केले, की जप्तीची गरज पडल्यास ती ई-चलान यंत्रणेद्वारे सारथीमधील नोंदीतच करावी. वस्तू ताब्यात घेण्याचे कारण नाही. या तरतुदी एकत्र वाचल्यास असा निष्कर्ष निघतो, की अंकीय परवान्याच्या तपासणीसाठी मोबाइल पोलिसाच्या हाती देणे आवश्यक नाही. पडदा समोर धरणे किंवा क्यूआर संकेत वाचू देणे एवढ्याने तपासणी पूर्ण होते.

तथापि परवाना दाखविणे म्हणजे मोबाइलच्या झडतीस संमती देणे नव्हे, असे मोटार वाहन अधिनियमात किंवा त्याखालील नियमांत स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही. ही उणीव केवळ तात्त्विक नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबाद शहरात पोलीस रस्त्यात अडविलेल्या लोकांचे मोबाइल घेऊन संदेशांमध्ये अमली पदार्थांविषयीचे शब्द शोधत असल्याची चित्रणे प्रसिद्ध झाली व त्यावर देशभर टीका झाली. गुन्ह्याच्या तपासात संदेशवहनाचे साधन हजर करण्याचा लेखी आदेश देता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या ९४ व्या कलमात ती तरतूद आहे. परंतु तो अधिकार न्यायालयाचा किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा असून विशिष्ट तपासाशी निगडित आहे. नाक्यावरील नेहमीच्या तपासणीस तो लागू होत नाही. हा भेद चालक व पोलीस या दोघांनाही ठाऊक असला, तर पुष्कळसे वाद टळू शकतात.

तपासणाऱ्याचा मोबाइल हाही या प्रश्नाचा एक भाग आहे. पोलीस कर्मचाऱ्याने स्वतःच्या खाजगी मोबाइलवर वाहनाचे किंवा कागदपत्रांचे छायाचित्र काढल्यास ते अधिकृत यंत्रणेबाहेर राहते व पुढे त्याचे काय होते याचा हिशेब राहत नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या वाहतूक विभागाने परिपत्रक काढून, ई-चलानासाठी खाजगी मोबाइलवर छायाचित्रे काढण्यास मनाई केली. छायाचित्र आधी खाजगी मोबाइलमध्ये घ्यावयाचे व सवडीने यंत्रणेत भरावयाचे, या प्रथेविरुद्ध वाहतूकदारांच्या तक्रारी होत्या.

तपासणीची नोंद : १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार कागदपत्रांची तपासणी झाली की तिची तारीख, वेळ व अधिकाऱ्याची ओळख संगणकीय प्रणालीत नोंदली जावयाची असते. एकाच वाहनाची पुनःपुन्हा तपासणी होऊ नये व चालकाचा छळ टळावा, हा त्यामागील हेतू आहे. ही तरतूद चालकाच्या हिताची आहे, कारण अकारण अडविणाऱ्या अधिकाऱ्याचीही नोंद राहते. परंतु त्याच नोंदीला दुसरी बाजू आहे. अमुक चालक अमुक वेळी अमुक अधिकाऱ्यापुढे होता, एवढे कळल्यास त्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून चालक कोठे होता हेही कळते. अशा नोंदी साठत गेल्या म्हणजे त्यांतून व्यक्तीच्या हालचालींचा आराखडा तयार होतो. जुन्या पद्धतीत कागद पाहून परत दिला की तपासणी संपे व तिची आठवण कोणाकडे उरत नसे. विसरून जाण्याचा हा गुण कागदाला कोणी मुद्दाम दिलेला नव्हता. तथापि खाजगीपणाचे बरेचसे रक्षण त्यानेच होत असे. अंकीय पद्धतीत हा गुण नियमाने निर्माण करावा लागतो. नोंद किती काळ ठेवावी व ती कोणी पाहावी, हे ठरवावे लागते.

मध्यवर्ती नोंदवही : मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ याने मूळ अधिनियमात २५-अ हे कलम घालून परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली. राज्यांच्या नोंदवह्या तिच्यात विलीन व्हावयाच्या असून तिच्यातील क्रमांकाशिवाय नवा परवाना देता येत नाही किंवा जुन्याचे नूतनीकरण करता येत नाही. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. मोबाइलमध्ये परवाना न ठेवणाऱ्या, प्लॅस्टिकचे कार्डच वापरणाऱ्या व्यक्तीची माहितीही याच नोंदवहीत असते. कार्ड वापरल्याने हातातील मोबाइलचा प्रश्न सुटतो. नोंदवहीचा सुटत नाही.

या माहितीचा उपयोग परवान्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. मार्च २०१९ मध्ये मंत्रालयाने वाहन व सारथी यांतील माहिती घाऊक प्रमाणात देण्याचे धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थांसाठी त्याचे वार्षिक मूल्य ३ कोटी रुपये व शैक्षणिक संस्थांसाठी ५ लाख रुपये ठेवले होते. व्यक्तीची ओळख उघड होणार नाही अशा स्वरूपात माहिती देण्याची अट होती. परंतु निरनिराळे माहितीसंच एकमेकांशी ताडून व्यक्ती ओळखता येण्याची शक्यता धोरणातच मान्य केलेली होती. जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत देण्यात आलेल्या माहितीनुसार ८७ खाजगी व ३२ शासकीय संस्थांना या माहितीपर्यंत प्रवेश देण्यात आला होता व त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले होते. फेब्रुवारी २०२१ पर्यंत ही रक्कम १११ कोटी रुपयांवर गेल्याचे संसदेत सांगण्यात आले. घाऊक माहिती देण्याचे धोरण जून २०२० मध्ये, माहितीच्या दुरुपयोगाची शक्यता व खाजगीपणाचे प्रश्न ध्यानात घेऊन, मागे घेण्यात आले. मात्र दिलेली माहिती परत घेता येत नाही. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीने आपला पत्ता व जन्मतारीख वाहन चालविण्यासाठी दिलेली असते. ती विकली जाईल याची तिला कल्पना नसते.

दुसरे उदाहरण छायाचित्रांचे आहे. दिल्लीतील फेब्रुवारी २०२० च्या दंगलीनंतर ११ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी लोकसभेत सांगितले, की दंगलखोरांची ओळख पटविण्यासाठी चेहरा ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीत मतदार ओळखपत्रांची व वाहनचालक परवान्यांची माहिती घालण्यात आली होती. गुन्हेगार शोधणे हा हेतू योग्य आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यासाठी, ज्यांचा दंगलीशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व परवानाधारकांचे चेहरे संशयितांच्या रांगेत उभे केले जातात, हे त्याबरोबरच ध्यानात घ्यावे लागते.

आधारशी असलेली जोडणीही विचारात घ्यावी लागते. मार्च २०२१ मध्ये परिवहन खात्याच्या १८ सेवांसाठी ऐच्छिक आधार-प्रमाणीकरणाची तरतूद झाली व जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली. डोंबिवलीच्या नोकरदारास त्यासाठी रजा काढून कल्याणच्या कार्यालयात जावे लागत नाही, ही सोय मोठी आहे. मात्र सोयीसाठी केलेल्या प्रत्येक जोडणीबरोबर एका नोंदवहीतून दुसरीकडे जाण्याचा रस्ताही तयार होतो.

कायदेशीर संरक्षण : सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरील निकालात, खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. या हक्कावर मर्यादा घालावयाची तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा व योजलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या त्यातून रूढ झाल्या. नाक्यावर परवाना पाहणे या कसोट्यांना उतरते. परवाना पाहण्याच्या निमित्ताने संदेश वाचणे उतरत नाही.

अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाच्या ठरल्या. खाजगी संस्थांनी माहिती कोणत्या कारणासाठी घेतली हे सांगणे, कारण संपल्यावर ती पुसणे व चोरीस गेल्यास धारकास कळविणे ही बंधने त्यात आहेत. गृहसंकुलाच्या फाटकावर परवान्याचे छायाचित्र घेणाऱ्यांनाही ती विचारात घ्यावी लागतील. परंतु अनुज्ञप्ती व परवाने देण्यासाठी शासनाने केलेल्या माहितीच्या वापरास ७ व्या कलमानुसार संमती लागत नाही, तर गुन्ह्यांचा किंवा कायदेभंगाचा शोध व तपास यांसाठीच्या वापरास १७ व्या कलमाने बरीच सूट दिली आहे. म्हणजे परवान्याच्या बाबतीत जो सर्वांत मोठा माहितीधारक आहे त्याच्यावर या अधिनियमाचा अंकुश सौम्य आहे.

अन्य देशांतील उपाय : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१४ रोजी ‘रायली विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात, अटक केलेल्या व्यक्तीच्या मोबाइलची झडतीही सामान्यतः न्यायालयाच्या अधिपत्राशिवाय घेता येत नाही, असा निर्णय दिला. लुइझिआना राज्यात २०१८ मध्ये अंकीय परवाना प्रचारात आला. तो दाखविणे ही मोबाइलमधील इतर माहिती पाहण्यास दिलेली संमती ठरत नाही, असे तेथील कायद्यातच म्हटले आहे. भारतीय नियमांत ज्या वाक्याची उणीव आहे ते हेच होय.

तांत्रिक उपायांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ/आयईसी १८०१३–५ हे आंतरराष्ट्रीय मानक महत्त्वाचे आहे. त्यात दोन उपकरणे परस्परांशी जवळून संपर्क साधतात. मोबाइल हाती द्यावा लागत नाही. धारक हव्या तेवढ्याच बाबी प्रकट करू शकतो, उदा., जन्मतारीख न सांगता ‘वय १८ वर्षांहून अधिक’ एवढेच उत्तर देता येते. शिवाय अंकीय स्वाक्षरीच्या आधारे परवान्याची सत्यता तेथल्या तेथे पडताळता येते, परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारावे लागत नाही. त्यामुळे धारक कोठे व केव्हा परवाना दाखवितो हे त्या कार्यालयास कळत नाही. मध्यवर्ती सर्व्हरकडून माहिती मागविण्याचा पर्यायही या मानकात आहे व त्यास खाजगीपणाच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे. यावरून असे दिसते, की सोय व पाळत या गोष्टी तंत्रदृष्ट्या वेगळ्या करता येतात. त्या वेगळ्या कराव्यात की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे.

सुरक्षितता व फसवणूक : २०२० मध्ये डिजिलॉकरच्या प्रवेशपद्धतीत एक त्रुटी संशोधकांच्या निदर्शनास आली, तीमुळे संकेतशब्दाशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणे शक्य होते. ती कळविल्यावर दुरुस्त करण्यात आली. सामान्य चालकास मात्र प्रणालीतील त्रुटींपेक्षा तोतयेगिरीचा धोका अधिक असतो. ‘आपल्या वाहनाचे चलान फाटले आहे’ असा संदेश व्हॉट्सॲपवर धाडून त्याबरोबर एमपरिवहनच्या नावाचे बनावट ॲप पाठविण्याचे प्रकार २०२४ पासून देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले. ते बसविताच मोबाइलवर येणारे ओटीपी चोरास मिळतात व बँकेतील रक्कम लांबविली जाते. चलानाची भीती खरी असल्यामुळेच हे सापळे यशस्वी होतात. शासकीय ॲप संदेशाबरोबर आलेल्या दुव्यावरून न घेता मोबाइलच्या अधिकृत ॲप-भांडारातूनच घेणे, हा यावरील साधा व परिणामकारक उपाय आहे.

परवाना दाखविताना मोबाइल स्वतःच्या हाती ठेवणे, कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर झळकू न देणे, पडद्यावर एकच ॲप खिळवून ठेवण्याची सोय वापरणे व सिमकार्डालाही स्वतंत्र संकेतांक लावणे, या दक्षता उपयुक्त आहेत. ज्याला मोबाइल पुढे करावयाचा नाही त्याने प्लॅस्टिकचे कार्ड जवळ बाळगावे. १३९ व्या नियमाने दोन्ही स्वरूपे मान्य केलेली असल्यामुळे ही निवड चालकाची आहे, पोलिसाची नाही. मोबाइलची बॅटरी संपणे, रेंज नसणे, साधा फोन वापरणे यांमुळे कोणी परवानाहीन ठरू नये यासाठीही ही निवड टिकणे अगत्याचे आहे.

मूल्यमापन : अंकीय परवान्याने चालकाची यातायात कमी केली, बनावट परवान्यांना आळा घालण्याचे साधन दिले आणि परवाना जमा करण्याच्या धाकातून होणाऱ्या देवघेवीस काही प्रमाणात पायबंद घातला, हे मान्य करावे लागते. परंतु कागद व पडदा समान आहेत असे नियमाने ठरविले तरी त्यांचे गुणधर्म समान होत नाहीत. कागद आपल्यापुरतेच सांगतो व सांगून गप्प बसतो. मोबाइल इतर पुष्कळ काही सांगू शकतो व नोंदवही काहीच विसरत नाही. म्हणून परवाना दाखविणे म्हणजे मोबाइल ताब्यात देणे नव्हे हे कायद्यात स्पष्ट करणे, तपासणीच्या नोंदींची मुदत ठरविणे आणि परवान्यासाठी दिलेल्या माहितीचा इतरत्र वापर करताना त्यास स्वतंत्र कायदेशीर आधार असणे, या तीन गोष्टींची गरज आहे. त्या झाल्या तर कल्याणच्या स्टँडवरील रिक्षाचालकास आपले लायसन मोबाइलमध्ये निर्धास्तपणे बाळगता येईल.